तिसऱ्या बाकाच्या पलीकडे...

नगरच्या दिल्ली दरवाजातून बाहेर पडून उत्तरेकडे निघाले की सावेडी लागते. एकेकाळचे हे वेगळे गाव आता शहराचेच अंग होऊन गेले आहे. गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड, भिस्तबाग अशी नावे घेत वसाहती पसरत गेल्या आणि या पसाऱ्यात एक चौक आहे, प्रोफेसर कॉलनी चौक. कागदोपत्री २०२४ सालापासून अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, बोलण्यात अजून नगरच आहे. पण या चौकाचे नाव कागदावर आणि तोंडात एकच. रिक्षावाल्याला एवढे सांगितले की पुरते. संध्याकाळी तेथे उभे राहावे तर खाण्याच्या गाड्या, कपड्यांची दुकाने आणि खासगी क्लासच्या पाट्या. पाठीला सॅक लावलेली मुले-मुली एका पाटीखालून निघून दुसऱ्या पाटीखाली शिरत असतात.

प्रोफेसर म्हणजे शिकवणारा माणूस, एवढे त्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असते. पण तो शिकवायला कोठे शिकला, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारून पाहावा असा तो आहे.

प्राथमिक शाळेच्या गुरुजींना डी.एड. लागते (त्याचे नाव आता डी.एल.एड. झाले आहे), वर पात्रता परीक्षा लागते. माध्यमिकला बी.एड. लागते. अकरावी-बारावीच्या सरांनाही बी.एड. सुटत नाही. पाठ घ्यायचे, टाचण काढायचे, मागच्या बाकावर बसलेल्या परीक्षकाकडून चुका ऐकून घ्यायच्या, हे सगळे या मंडळींनी केलेले असते. मग मुलाची बारावी होते, जून उजाडतो, आणि तोच मुलगा पुष्कळदा त्याच आवारातल्या शेजारच्या इमारतीत एफ.वाय.च्या वर्गात जाऊन बसतो. तेथे समोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र शिकवण्याची कोणतीही पदवी लागत नाही. त्याला एम.ए. किंवा एम.एस्सी. लागते, नेट किंवा सेट लागते, नाहीतर पीएच.डी. लागते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनाविषयी थोडे प्रश्न असतात खरे. पण चार पर्यायांतून एक निवडायचा, एवढीच त्यांची धाव. विहिरीत न उतरता पोहण्याची लेखी परीक्षा द्यावी, तसाच हा प्रकार.

ही गोष्ट नगरच्या संदर्भात अधिकच बोचते, कारण शिकवण्यासाठी आधी शिकावे लागते हा विचार या शहराने फार पूर्वी पाहिला आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार या बाई १८२७ साली मुंबईत उतरल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ साली येथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी येऊन पाहिल्या होत्या. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढण्यामागे या भेटीचा वाटा होता. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. अक्षरे तर त्यांना घरीच जोतीरावांकडून आली होती. तेवढ्यावर भागले असते, तर नगरची वाट धरण्याचे कारण नव्हते. अक्षर येणे निराळे आणि जिच्या घरात कधी पाटी आली नाही अशा मुलीला ते शिकवणे निराळे, हे त्या जोडप्याला पक्के कळले होते. त्याचे फळही दिसले. नगरलाच १८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. ती फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती! पुढे १८८२ साली हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनातही जोतीरावांनी प्रशिक्षित शिक्षकांचा आग्रह धरला.

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. नगर जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच्याच छत्राखाली आहेत. २०१४ साली या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव दिले गेले. म्हणजे जिने पहिलीतल्या मुलींसमोर उभे राहण्याआधी शिकवण्याचे धडे घेतले, तिच्या नावाच्या विद्यापीठात अठरा वर्षांच्या मुलांसमोर असे धडे न घेता उभे राहता येते. सरकारला याची जाणीव नाही असे नव्हे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर अनुदान आयोगाने 'अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे' काढली. त्यांची नावे दोनदा बदलली, २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. तेथले उद्बोधन वर्ग चांगलेही असतात. पण ते नोकरी लागल्यावर असतात आणि बढतीच्या कागदपत्रांना जोडलेले असतात. तिकडे गेलेल्या प्राध्यापकाला सहकारी विचारतात, 'काय, सर्टिफिकेट मिळाले का?' काय शिकलात, असे विचारणारा विरळा.

'मोमेंट' म्हणजे क्षण

विषय आला की शिकवता येते, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. विषय यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याला गणित एका वाचनात कळत गेले, त्याला दुसरा नेमका कोठे अडखळतो हे दिसणे सर्वांत अवघड. विद्यापीठात पहिला आलेला माणूस पुष्कळदा फळ्याशी बोलतो, त्याचे एक कारण हेच आहे. उपजत उत्तम शिकवणारे प्राध्यापक आपण सर्वांनी पाहिलेले असतात. वाचकांपैकी अनेकांना आपापले एखादे सर किंवा मॅडम आत्ताच आठवले असतील. परंतु लाखो मुलांची सोय उपजत गुणांवर सोडून कशी चालेल?

नगर जिल्ह्यातले पहिले महाविद्यालय १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी काढले, ते अहमदनगर महाविद्यालय. त्याआधी पदवीसाठी पुणे-मुंबई गाठावी लागे, म्हणजे ज्याला गाठता येई तोच शिके. १९७० मध्ये लाल टाकीला न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेज आले. रयतची आणि इतर संस्थांची कॉलेजे तालुक्यातालुक्यांत निघाली. दार उघडले गेले, हे मोठेच काम झाले. पण दार उघडणे आणि आत आलेल्याला बसायला पाट देणे, या दोन गोष्टी आहेत. आज सकाळी तारकपूर आणि माळीवाड्याच्या एस.टी. स्टँडवर जी मुले उतरतात ती पारनेर, पाथर्डी, शेवगाव, श्रीगोंदा, नेवासे अशी चहूकडून येतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले हे पहिलेच माणूस. 'एफ.वाय.', 'क्रेडिट', 'इंटर्नल', 'जर्नल', 'बॅकलॉग' हे शब्द त्यांच्या घरी कोणी उच्चारलेले नसतात. वर्गातल्या दुसऱ्या काही मुलांनी ते ताई-दादांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकलेले असतात. वर्ग सुरू होण्याआधीच दोघांत पाच मैलांचे अंतर पडलेले असते आणि आपण त्याला 'हुशारीतला फरक' म्हणून मोकळे होतो.

भाषेचे पाहा. दहावीपर्यंत बहुतेकांचे शिक्षण मराठीत. विज्ञान घेतले की अकरावीपासून पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी, पेपर इंग्रजी. बारावी कशीबशी गाईडच्या आधाराने निघते आणि बी.एस्सी.ला उसने अवसान संपते. येथे अडचण अवघड शब्दांची नसतेच. ते सर्वांनाच अवघड असतात, म्हणून प्राध्यापक समजावून सांगतात. पाय अडकतो तो सोप्या शब्दांत. 'मोमेंट' म्हणजे क्षण, हे पोराला सातवीपासून माहीत आहे. मग 'मोमेंट ऑफ इनर्शिया' ऐकले की तो मनात 'जडत्वाचा क्षण' असे काहीतरी जुळवतो आणि पुढचा सारा तास त्या क्षणाचा शोध घेत बसतो. 'नॉर्मल' म्हणजे सर्वसाधारण. भौतिकशास्त्रात ते लंब निघते आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिसरेच काही. अर्थशास्त्रात 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज, एरवी आवड. प्राध्यापकांना हे शब्द इतके अंगवळणी पडलेले असतात की त्यांत अडखळण्यासारखे काही आहे, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

यावर उपाय म्हणून दोन टोके सांगितली जातात. एक म्हणतो, जगाची भाषा इंग्रजी, मुलांनी शिकून घ्यावी. दुसरा म्हणतो, सगळेच मराठीत आणा. दुसऱ्या बाजूने काही पावले पडली आहेत. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश केले. २०२१ पासून पुण्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्राची पदवी मराठीतून घेण्याची सोय झाली. परंतु रोजच्या वर्गापुरते बोलायचे तर मला दोन्ही टोके दूरची वाटतात. खेड्यात पोहायला शिकवताना पाठीला पत्र्याचा हवाबंद डबा बांधतात. पोराला विहिरीत नुसते ढकलत नाहीत आणि डबा जन्मभर बांधूनही ठेवत नाहीत. फळ्याच्या उजव्या कडेला एक उभी रेघ मारावी. तासात जी संज्ञा येईल ती तेथे इंग्रजीत लिहावी, शेजारी मराठी शब्द, खाली एका ओळीत अर्थ. 'मोमेंट ऑफ इनर्शिया', जडत्व परिबल, फिरणारी वस्तू फिरण्यातला बदल किती नेटाने नाकारते त्याचे माप. तास संपेपर्यंत ती पट्टी पुसायची नाही. प्रश्न मराठीत विचारायची मुभा द्यावी, उत्तर आधी मराठीत येऊ द्यावे आणि मग तेच इंग्रजीत मांडायला लावावे. मराठीतून कळलेली गोष्ट इंग्रजीत लिहिता येते. न कळलेली कोणत्याच भाषेत लिहिता येत नाही, ती फक्त पाठ करता येते.

'समजले का?'

कॉलेजच्या वर्गात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा आणि सर्वांत निरुपयोगी प्रश्न कोणता, तर 'समजले का?' त्याला पहिल्या दोन बाकांवरून मान डोलावून होकार येतो आणि तास पुढे सरकतो. तिसऱ्या बाकाच्या पलीकडे काय चालले आहे, याची वार्ता फळ्यापर्यंत पोचत नाही. आपल्याला समजले नाही हे शंभर जणांसमोर सांगायला धाडस लागते, आणि जो कॉलेजात नवखा, ज्याचे इंग्रजी कच्चे, ज्याची बोली ऐकून मागे कोणी हसलेले, त्याच्याकडे ते सर्वांत कमी असते.

अमेरिकेत मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात एक साधी गोष्ट मोजली होती. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबतात? शाळांच्या वर्गांतून मोजले तेव्हा सरासरी निघाली सुमारे एक सेकंद! मग एकतर शिक्षक स्वतःच उत्तर देतात किंवा हात वर असलेल्या नेहमीच्या मुलाकडे वळतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरे लांब येऊ लागली, 'माहीत नाही' कमी झाले आणि 'मंद' म्हणून बाजूला काढलेली मुलेही बोलू लागली. दोन सेकंदांचा फरक! आपल्या वर्गात, जेथे प्रश्न इंग्रजीतून ऐकायचा, मराठीत विचार करायचा आणि परत इंग्रजीत यायचे, तेथे तीन सेकंदही अपुरे. दहा मोजावेत. वर्गात उभे राहून गप्प दहा मोजणे हे बोलण्यापेक्षा फार कठीण काम आहे, करून पाहावे.

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांची गोष्ट याच्या पुढची. त्यांचे व्याख्यान विद्यार्थ्यांना आवडे, परीक्षेत गुणही चांगले पडत. १९९० च्या सुमारास त्यांनी आकडेमोड नसलेले, अगदी साधे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवले. एका विद्यार्थिनीने विचारले की उत्तर तुम्ही शिकवले तसे लिहू, की मला खरोखर वाटते तसे? या प्रश्नाने प्राध्यापकमहाशय हादरले. आपल्याकडचा प्रश्न घेऊ. उसाने गच्च भरलेला ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांची टक्कर झाली (देव करो, न होवो), तर कोणी कोणावर जास्त बल लावले? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारी मुले 'ट्रॅक्टरने' म्हणतात. नियमाप्रमाणे दोन्ही बले सारखीच. वस्तुमान कमी म्हणून मोटारसायकलची दशा होते. माझुर यांनी मग पद्धतच बदलली. थोडे सांगायचे, असा एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने गुपचूप आपले उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवायचे, आणि पुन्हा मत घ्यायचे. नुकतेच कळलेला मुलगा न कळलेल्याला अशा भाषेत सांगतो की प्राध्यापकाला ते सुचणे नाही, कारण तो कोठे अडखळला होता हे त्याला अजून आठवत असते. 'पीअर इन्स्ट्रक्शन' या नावाने त्यांनी १९९७ साली त्यावर पुस्तक लिहिले. हार्वर्डमध्ये पुढे त्यासाठी यंत्रे आली. आपल्याकडे वहीचे पान फाडून त्यावर ए-बी-सी-डी लिहिले तरी भागते. पानही नसले तर बोटे आहेत, छातीशी धरून दाखवायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत.

हे मनोरंजनासाठी नव्हे. विज्ञान-गणिताच्या पदवी वर्गांतले २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नुसते व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी सुमारे ३४ टक्के, आणि विद्यार्थ्यांना असे कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. २०२० सालच्या दुसऱ्या मोठ्या पाहणीत तर आपल्या कामाची गोष्ट निघाली. अमेरिकेतल्या वंचित समाजगटांतले विद्यार्थी आणि बाकीचे यांच्या परीक्षेतल्या गुणांमधली दरी अशा वर्गांत ३३ टक्क्यांनी घटली, उत्तीर्ण होण्यातली दरी ४५ टक्क्यांनी. आकडे तिकडचे आहेत, मान्य. पण व्याख्यान सर्वांना सारखेच ऐकू येते म्हणून ते सर्वांना सारखेच न्याय देते, हा समज त्याने मोडतो. घरी टेबल, दिवा आणि समजावणारे माणूस आहे त्याला न कळलेले व्याख्यान संध्याकाळी कळते. ज्याच्याकडे ते नाही त्याला तासातच कळले पाहिजे. त्याला दुसरी वेळ नाही.

'जादा तास' आणि अवघड गणिते

मागे पडणाऱ्यांसाठी आपल्याकडे एक हमखास तोड आहे, 'रेमेडियल' अर्थात जादा तास. हेतू चांगला. पण त्या वर्गाच्या दारातून आत जाताना मुलाला सगळे बघत असतात आणि आत तेच पुन्हा हळू आवाजात सांगितले जाते. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात उरी ट्राइसमन नावाच्या गणितज्ञाने १९७० च्या दशकात याच कोड्यात डोके घातले. कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने गळत. प्राध्यापकांना कारणे विचारली तर ओळखीची उत्तरे आली: जिद्द नाही, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, गरिबी. ट्राइसमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्या सोबत राहून पाहिले. जिद्द दोघांतही होती. फरक एवढाच, की चिनी मुले आपापला अभ्यास करून मग एकत्र बसत, गणिते ताडून पाहत, कोणाचे चुकले यावर भांडत, जेवतानाही तेच. कृष्णवर्णीय मुले एकटी, दार लावून, तासन् तास बसत. आपल्यासारखेच सगळे अडले आहेत हे त्यांना कळतच नसे. मग ट्राइसमन यांनी जादा तास काढले नाहीत. त्यांनी गट केले आणि त्यांना सोपी नव्हे, अधिक अवघड गणिते दिली. तुम्ही कच्चे म्हणून नव्हे, तर तुम्हाला गणितात पुढे जायचे आहे म्हणून या, असे निमंत्रण दिले. त्या मुलांचे निकाल पालटले.

नगरच्या अभ्यासिकांमधून एक फेरी मारली की हे आठवते. फळ्यांच्या आडोशाने एकेकाची जागा, 'शांतता राखा'ची पाटी, आणि प्रत्येक जण आपापल्या पुस्तकात मान घालून. स्पर्धा परीक्षेला ते योग्य असेल. पण एफ.वाय.च्या मुलांना कॉलेजातच एखादी खोली भांडत अभ्यास करायला मिळाली, तर ग्रंथालयाच्या शांततेला पूरकच होईल.

काही गोष्टी शिकवण्यात मोडत नाहीत असे वाटते, पण मुले त्यांतूनही शिकतात. शिष्यवृत्तीची नोटीस घेऊन शिपाई वर्गात येतो. 'अमुक प्रवर्गातल्या मुलांनी हात वर करा' असे म्हटले जाते आणि ज्यांची जात आजवर वर्गाला ठाऊक नव्हती ती पाच सेकंदांत ठाऊक होते. हीच नोटीस सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवता येते. ओळख करून घेताना 'आडनाव काय?' हा प्रश्न पहिला येतो. नुसते नाव विचारले आणि दुसऱ्या आठवड्यात त्या नावाने हाक मारली तर अधिक काम होते. फळ्याकडे बोट दाखवून 'हे इथून तिकडे गेले' म्हटले की न दिसणाऱ्या विद्यार्थ्याचा तास तेथेच संपतो. दिव्यांगांना २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखल्या, परीक्षेत तासाला वीस मिनिटे जादा मिळतात, लेखनिक मिळतो. तरी ही सारी सोय परीक्षेच्या दिवसाची झाली. वर्षभराच्या तासांचे काय?

एस.टी.चेही तसेच. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. नंतरच्या वर्षापासून भाडे सुरू. सायंकाळी पाचनंतर प्रॅक्टिकल लांबले की गावाकडची मुलगी घड्याळाकडे पाहू लागते. शेवटची गाडी चुकली तर घरी जे ऐकावे लागेल त्यात 'पुरे झाले कॉलेज' हे वाक्य असू शकते. पाथर्डी-शेवगाव-जामखेडकडची कित्येक घरे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात. मागे राहिलेल्या मुलावर धाकटी भावंडे आणि गुरे यांचा भार पडतो. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम त्याला ठाऊक असतो, नियमाला तो ठाऊक नसतो. हजेरी माफ करा असे मी म्हणत नाही. चुकलेल्या तासांत काय झाले हे मिळवण्याची एक ठरलेली वाट असावी, मग ती मित्राची वही असो वा मोबाइलवर पाठवलेला फळ्याचा फोटो. कर्मवीर भाऊरावांच्या 'कमवा व शिका'ने पोटाची थोडी सोय केली आणि विद्यापीठ ती योजना त्यांच्याच नावाने चालवते. वेळेची सोय ज्याची त्यानेच पाहायची असते.

आता प्राध्यापकांची बाजू. ती ऐकली नाही तर हे लिहिणे एकतर्फी होईल. एकेका तुकडीत शंभर-सव्वाशे मुले. कायम जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आणि वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरच्या माणसांवर. ही मंडळी सकाळी एका गावी दोन तास, दुपारी मोटारसायकलवरून दुसऱ्या गावी दोन तास, अशी धावपळ करतात. मोबदला तासावर, सुट्टीचा नाही. त्यांना 'मुलांची नावे पाठ करा' म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. त्यातच २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा महाविद्यालयांत आला, विषयांची आणि श्रेयांकांची फेरजुळणी झाली, अहवाल वाढले. आणि सगळ्यावर कडी म्हणजे 'पोर्शन'. गटात बोलू दिले, थांबलो, मराठीत उतरवले, तर पोर्शन कधी पुरा करायचा? प्रश्न खरा आहे. पण पोर्शन कोणाचा पुरा होतो, हेही पाहावे. पुष्कळदा तो प्राध्यापकांचा पुरा होतो आणि मुलांचा तिसऱ्या प्रकरणात राहिलेला असतो. एका तासात पाच मुद्दे सांगून दोन पोचण्यापेक्षा चार सांगून साडेतीन पोचले, तर तोटा कोणाचा?

नव्या प्राध्यापकाला पहिल्या वर्षी थोडे कमी तास आणि मागच्या बाकावर बसून पाहणारा एखादा जाणता सहकारी मिळाला, तर बी.एड.च्या पाठांतले निम्मे काम होऊन जाईल. त्याला सरकारी आदेश लागत नाही. विभागप्रमुखांनी मनावर घ्यावे लागते, आणि वर्गात दुसऱ्याने येऊन बसणे हा अपमान नव्हे हे पटवून घ्यावे लागते. आपल्याकडे नेमके तेच जड जाते. वर्गाचे दार लावले की आत काय चालते ते दोन प्राध्यापक वीस वर्षे शेजारी शिकवूनही एकमेकांना सांगत नाहीत.

तोवर एकट्याने करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. तासाची शेवटची तीन मिनिटे राखायची आणि प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या. आज काय कळले, काय कळले नाही. नाव घालायचे नाही, भाषा कोणतीही. सव्वाशे चिठ्ठ्या चाळायला चहा पिण्याएवढा वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात बहुतेक चिठ्ठ्यांवर 'सर्व समजले, छान शिकवता' एवढेच येते. नाव खरोखर लागत नाही आणि लिहिल्याबद्दल कोणी रागावत नाही, हे पटायला दिवस जातात. मग खरे येऊ लागते. मोमेंट म्हणजे काय. तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता. गाडी साडेपाचची आहे. मागे पंख्याचा फार आवाज होतो, काही ऐकू येत नाही.

या शेवटच्या चिठ्ठीवर शिपायाला सांगून पंख्यात तेल घालून घेता येते.